सांधे, साखर आणि रोजचे जगणे

संधिवात आणि मधुमेह हे चार दिवसांच्या पाहुण्यासारखे आजार नाहीत. एकदा आले की ते बहुधा घरचेच होऊन राहतात. म्हणून तपासणीचा अहवाल हातात आला की आकड्यांबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. या आजाराने आपल्या दिवसातून काय काय काढून घेतले?

जयपूरच्या दक्षिणेला असलेले सांगानेर ठशांच्या छपाईसाठी आणि हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. तिथला छपाई करणारा कारागीर लांब टेबलाशी उभा राहतो, लाकडी ठसा रंगात टेकवतो, कापडावर नेमक्या जागी ठेवतो आणि वरून हाताने ठोका देतो. एका चादरीसाठी हीच क्रिया कितीतरी वेळा करावी लागते. अशा हाताची बोटे सकाळी तासभर आखडलेली राहू लागली तर वैद्यकीय कागदावर एवढीच नोंद होते, ‘सकाळचा ताठरपणा’. कारागिराचे मात्र कसब, कमाई आणि घरातले स्थान अशा तिन्ही गोष्टी त्या एका तासात अडकलेल्या असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जीवनाची गुणवत्ता मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या मूळ, शंभर प्रश्नांच्या रूपात शरीर, मन, स्वावलंबन, नातेसंबंध आणि परिसर यांच्या जोडीला अध्यात्म व श्रद्धा यांनाही स्वतंत्र स्थान आहे. साधकाला हे वेगळे सांगायला नको. मांडी घालून जपाला बसता येत नाही, पंगतीत वाढता येत नाही, तेव्हा दुखणे फक्त गुडघ्यात राहत नाही.

जयपूरमध्ये हे फार पूर्वी ओळखले गेले होते. तिथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘जयपूर फूट’ घडवला. त्याआधीचे परदेशी धाटणीचे कृत्रिम पाय बुटात घालूनच वापरायचे असत. आपल्या माणसाला उकिडवे बसायचे असते, मांडी घालायची असते, शेतात आणि देवळात अनवाणी जायचे असते. हे सगळे ध्यानात घेऊन तो पाय तयार झाला.

पण मुळात पाय गमावण्याची वेळ येऊ नये. मधुमेह बराच काळ आटोक्याबाहेर राहिला तर पायाच्या नसांची संवेदना कमी होते. वैशाखात देवळाची फरशी तापलेली असते. प्रदक्षिणा घालताना तळवा भाजतो आणि कळतही नाही. जखम चिघळते. म्हणून रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे. उन्हात अनवाणी प्रदक्षिणेचा हट्ट नको.

हे दोन आजार एकमेकांना हात देतात, ही खरी अडचण आहे. गुडघा दुखतो म्हणून चालणे बंद होते. चालणे बंद झाले की वजन आणि साखर वाढते. वाढलेले वजन पुन्हा गुडघ्यावरच येते. त्यात कुणीतरी ‘रामबाण’ पुडी आणून देतो. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. दुखणे थांबते आणि साखर भडकते. वेदनाशामक गोळ्याही मनाने वर्षानुवर्षे घेऊ नयेत, मूत्रपिंडांना त्या बाधतात. सपाट जागेवर, बेताने, रोज चालणे आणि मांड्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हे सावकाश गुण देतात, पण देतात.

उपवासाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर व्रताचा विचार न करता लगेच साखर किंवा गूळ घ्यावा. आणि ज्याला आपण उपवास म्हणतो त्यात साबुदाणा, बटाटा, रताळे हेच ताटभर असते! मधुमेहीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. साधना औषधाच्या जोडीने चालते, त्याच्या जागी नाही.

घरच्यांसाठी एक विनंती. प्रेमापोटी आपण म्हणतो, “आई, तुम्ही बसा, आम्ही करतो.” हळूहळू त्या माणसाच्या हातून सगळेच काम सुटते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून भाजी निवडता येते, फुलांचे हार करता येतात, नव्या साधकांना फोन करता येतो. सत्संगात खुर्च्या मागच्या भिंतीला लावून ठेवू नका. दोन खुर्च्या पुढच्या ओळीत, सगळ्यांच्या बरोबरीने मांडा.