चार सुयांचा मोजा

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाचे डोंगर पसरले आहेत. मांजरा नदीचा उगम तेथलाच. जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे खरिपाची सुगी आटोपली, की दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, कधी कर्नाटक, अशा दूरदूरच्या साखर कारखान्यांकडे ती जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पतिपत्नीच्या जोडीला त्या व्यवहारात ‘कोयता’ असेच म्हणतात. हा कोयता पहाटेच्या अंधारातच फडात उतरतो. त्या वेळी उसाची पाने दवाने निथळत असतात आणि लहान मुले फडाच्या कडेला पाचटावर बसवलेली असतात. शाळेत जाणारी मुले मात्र आता पुष्कळदा गावीच राहतात. कोणी हंगामी वसतिगृहात, तर कोणी आजी-आजोबांपाशी.

अशाच एका गावात सातवीत शिकणारी एक मुलगी आपल्या आजीपाशी राहणार होती. आई, वडील आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ टोळीबरोबर जायचे होते. मागल्या हंगामाहून भाऊ परत आला, तेव्हा त्याच्या इवल्याशा टाचांना भेगा पडलेल्या तिने पाहिल्या होत्या. यंदा त्याच्या पायांत लोकरीचे मोजे असलेच पाहिजेत, असे तिने मनाशी ठरवले. टोळी निघावयाला बारा दिवस उरले होते.

विणकाम तिला अगदीच अपरिचित नव्हते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी दोन सुयांवर सुलट आणि उलट हे दोन टाके शिकवले होते. त्या भांडवलावर तिने आठवड्याच्या बाजारातून लोकरीचा एक गुंडा आणला, एक चौकोनी पट्टी विणली, ती दुमडली आणि कडेने व खालून शिवून टाकली. चार दिवसांत एक मोजा तयार झाला. दिसावयाला तो बरा दिसत होता. परंतु भावाच्या पायात घालताच तो चार पावले चालला, मटकन खाली बसला आणि रडत रडत मोजा ओढू लागला. काढून पाहिले, तर बोटांच्या टोकांवर आणि टाचेवर तांबडा वळ उठलेला!

“अगं, आतून शिवण टोचते त्याला,” आजी म्हणाली. “चपलेतला खडा मोठ्या माणसाला सोसत नाही, मग ह्या लेकराला कसा सोसावा?”

आजीचे बोलणे अनुभवाचे होते. तिच्या माहेरी मेंढरे होती. दख्खनी मेंढरांची काळी लोकर पिंजून तिने चरख्यावर सूत काढले होते. ते सूत सणगराच्या मागावर जाई आणि त्याचे घोंगडे होऊन परत येई. मागावर चढवण्यापूर्वी सुताला चिंचोक्यांची खळ देत, म्हणून ते कडक आणि चिवट होई. घोंगडे ऊन, वारा आणि पाऊस या तिघांनाही दाद देत नाही. तरीसुद्धा आजीने नातीला घरच्या लोकरीचा मोजा विणू दिला नाही. दख्खनी लोकर भरड असते; पाठीवर घेण्यास ती उत्तम, पण लहान मुलाच्या पावलाला ती बोचावयाचीच. बाजारात जो मऊ गुंडा लोकर म्हणून मिळतो, तो पुष्कळदा मेंढीच्या अंगचा नसतोच, ॲक्रिलिकचा असतो; त्याला ऊब थोडी कमी, परंतु तो धुण्यास सोपा आणि स्वस्त.

घोंगडे आणि मोजा या दोहोंसाठी मराठीत ‘विणणे’ हा एकच शब्द आहे. बाजही विणतात, टोपलीही विणतात. परंतु घोंगड्याच्या विणीत उभे धागे आधी ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. मोज्यात असे दोन पक्ष नाहीत. तेथे आरंभापासून शेवटापर्यंत एकच धागा असतो आणि तो स्वतःच्याच वेढ्यातून पुन्हा पुन्हा बाहेर येतो. म्हणून घोंगडे ताणत नाही. मोजा मात्र ताणतो आणि सोडला की पूर्ववत होतो. पायासारख्या वळणदार अवयवाला वेढणारे वस्त्र असेच असावे लागते.

दुसऱ्या दिवशी मुलीने तो मोजा बाईंना दाखवला. बाईंनी तो उलटा करून शिवण चाचपली. मग कपाटातून त्यांनी सुयांचा एक जुडगा काढला. सुया चार होत्या, बारा नंबरच्या आणि दोन्ही टोकांना निमुळत्या.

“शिवण नको असेल, तर शिवायचेच नाही,” बाई म्हणाल्या. “पट्टी विणून तिची नळी करण्यापेक्षा नळीच विणावी.”

“चार सुया दोन हातांत कशा धरायच्या, बाई?”

“धरायच्या दोनच. बाकीच्या दोन आपापले टाके सांभाळून लोंबत राहतात. त्यांच्याकडे पाहू नकोस.”

रीत अशी होती. ३६ टाके घालावयाचे आणि ते तीन सुयांवर बारा-बारा वाटून द्यावयाचे. तीन सुयांचा त्रिकोण झाला, की चौथ्या रिकाम्या सुईने पहिल्या सुईवरचे टाके विणावयाचे. ती सुई रिकामी होते. मग तिनेच पुढची विणावयाची. अशा रीतीने रिकामी सुई दर वेळी बदलत जाते आणि विणकाम गोल गोल फिरत राहते. दोन सुयांवर एक ओळ सुलट आणि परतताना एक ओळ उलट विणावी, तेव्हा साधी वीण उमटते. येथे परतणेच नाही. कापडाची बाहेरची बाजू सदैव विणणारीच्या समोर असते. त्यामुळे सुलट टाकाच विणत राहिले, तरी साधी वीण तयार होते. मुलीला याचे फार नवल वाटले. अवघड म्हणून जिची भीती वाटत होती, तीत निम्मे टाके सोपे निघाले!

तरीही पहिला प्रयत्न फसला. त्रिकोण जुळवताना टाक्यांची कड एके ठिकाणी सुईभोवती पिळली गेली होती. ही चूक नवशिक्यांकडून बहुधा होतेच आणि ती लगेच दिसत नाही, हाच तिचा दोष. बोटभर वीण झाल्यावर नळीला मुरड पडलेली दिसली. एकदा सांधलेली पीळ पुढे कशानेही सुटत नाही. मुलीने सगळे उसवले. एक दिवस गेला. पुढच्या वेळी तिने तिन्ही सुया सपाट पाटावर ठेवल्या, टाक्यांच्या कडा आतल्या अंगाला वळवल्या आणि मगच पहिला टाका घेतला. दोन सुयांच्या सांध्यापाशी वीण सैल पडून शिडीसारखी फट दिसू लागली, तेव्हा प्रत्येक सुईवरचा पहिला टाका जरा आवळून घ्यावयास बाईंनी सांगितले. काठाशी दोन सुलट, दोन उलट अशी वीण घातली, म्हणजे मोजा पिंढरीला धरून राहतो; पुढे सगळे सुलट.

पोटरीची नळी उतरत असताना मुलीने विचारले, “बाई, ही युक्ती पहिल्यांदा कोणाला सुचली असेल?”

त्याचे उत्तर कोणापाशीच नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचे लोकरी मोजे सापडले आहेत; त्यांचा अंगठा निराळा आहे, कारण ते वहाणांबरोबर वापरावयाचे होते. परंतु ते एकाच सुईने गाठवत केलेले आहेत. खऱ्या विणीचे निळे-पांढरे सुती मोजेही त्याच देशात मिळाले. ते पुष्कळ नंतरच्या शतकांतील होत. जर्मनीत हँबुर्गच्या संग्रहालयात मास्टर बर्ट्राम या चित्रकाराचे सुमारे इ. स. १४०० मधील एक चित्र आहे. त्यात येशूची माता बाळाचा अंगरखा विणीत बसलेली दाखवली आहे आणि तिच्या हातातील काम चार सुयांवर गोलाकार चालले आहे. म्हणजे ही रीत सहाशे वर्षांपूर्वीही चित्रकाराच्या परिचयाची होती.

इंग्लंडमध्ये १५८९ साली विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. हाताच्या कितीतरी पट वेगाने ते चाले. पण ते विणी सपाट कापड. त्याची कड मागून शिवावी लागे. जे चार साध्या सुयांना साधले होते, ते त्या यंत्राला साधले नाही. गोल विणणारी यंत्रे पुष्कळ उशिरा, एकोणिसाव्या शतकात आली. आपल्या देशात हे सुयांवरचे विणकाम युरोपीय लोकांबरोबर आले आणि मिशनच्या शाळांतून मुलींमध्ये पसरले. पहिल्या महायुद्धात १९१४ नंतर खंदकांतील चिखलपाण्यात उभे राहून सैनिकांचे पाय सडू लागले, तेव्हा कोरडे मोजे दररोज बदलण्याची सक्ती करावी लागली आणि घरोघरी स्त्रिया व शाळकरी मुले मोजे विणू लागली. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, त्या हिवाळ्यात हिमालयातील जवानांसाठी भारतभर स्त्रियांनी लोकरीचे कपडे विणले.

मोज्याची खरी परीक्षा टाचेपाशी असते. सरळ नळीला पावलाकडे काटकोनात वळवावयाचे असते आणि कोठेही सुरकुती पडू द्यावयाची नसते. येथे गोल फिरणे थांबवावे लागते. मुलीने ३६ पैकी १८ टाके एका सुईवर घेतले. उरलेले १८ दोन सुयांवर स्वस्थ राहू दिले. मग टाचेच्या टाक्यांवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अशा १८ ओळी विणल्या. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलला, त्यामुळे दोन्ही कडांना नऊ-नऊ स्वच्छ वेढे तयार झाले. हे झाले टाचेचे मागचे पान.

यापुढचे काम विलक्षण आहे. दहा टाके विणावयाचे, पुढचे दोन एकत्र विणावयाचे, आणखी एक विणावयाचा आणि पाच टाके तसेच सोडून मध्येच काम उलटे फिरवावयाचे! परतताना पहिला टाका उचलून तीन उलट, दोन एकत्र, एक उलट. आणि पुन्हा मध्येच फिरावयाचे. ओळ अपुरी सोडणे मुलीला काही केल्या पटेना. दोनदा तिने हट्टाने ओळ पुरी केली आणि दोनदा उसवली. शेवटी बाजेवर बसलेली आजी म्हणाली, “बाई सांगतात तसं एकदा करून तर बघ. पटायचं ते मागून पटेल.”

मुलीने मन घट्ट करून सांगितल्याप्रमाणे विणले. प्रत्येक वेळी मधला पट्टा एका टाक्याने रुंदावत गेला आणि बाजूचे टाके त्यात सामावत गेले. १८ चे १० टाके उरले, तेव्हा सपाट पानाच्या खाली एक लहानशी वाटी झाली होती. आजीने तिच्यात आपला अंगठा ठेवून पाहिला आणि काही न बोलता मोजा नातीकडे परत दिला.

पुढे सोपे होते. दोन्ही कडांचे नऊ-नऊ वेढे उचलले. टाचेचे दहा आणि पावलाच्या वरच्या बाजूचे १८ मिळून ४६ टाके झाले. एकाआड एक फेरीत दोन टाके कमी करत ते पुन्हा ३६ वर आणले. बोटांपाशी एकाआड एक फेरीत चार टाके घटवले आणि बारा उरल्यावर वरचे सहा व खालचे सहा शिवणाच्या सुईने असे जुळवले, की सांध्याचा उंचवटा बोटाला लागेना. मोजा पायात चढवल्यावर भावाने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि तो अंगणात कोंबडीमागे धावला.

मात्र तोपर्यंत बारा दिवस संपले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर आला. भांडी, अंथरुणे, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री अशा सामानात आईने तो एकुलता एक मोजा रुमालात बांधून घेतला. दुसऱ्याची पोटरी तेवढी सुयांवर होती.

आईवडील गेल्यावर घर फार मोकळे वाटू लागले. संध्याकाळी आजी चुलीपाशी भाकरी थापी आणि नात उजेडाकडे तोंड करून विणी. या वेळी टाचेपाशी तिला कोणाला विचारावे लागले नाही. दिवाळीनंतर शेजारचे एक कुटुंब त्याच कारखान्याकडे निघाले, त्यांच्याबरोबर दुसरा मोजा रवाना झाला.

संक्रांतीच्या सुमारास आईचा फोन आला. मोजे रोज धुऊन पाचटावर वाळवते, असे तिने सांगितले. टाच चांगली बसते, शिवणीची कुरकुर नाही. “पण पोरगं वाढतंय गं. अंगठा पुढं दाबतोय.”

मुलीने बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, “वरून खाली विणलेला मोजा आहे. बोटांचा भाग शेवटी झाला, म्हणजे तो आधी उसवतो. तेवढाच उसव, ३६ टाके पुन्हा सुयांवर घे आणि पाहिजेत तितक्या फेऱ्या वाढव. टाचेला हात लावावा लागणार नाही.”

उरलेला लोकरीचा गुंडा मुलीने चार सुयांसह पत्र्याच्या डब्यात ठेवला. झाकणाखाली एक चिठ्ठी ठेवली आणि तीवर लिहिले : पाऊल, आठ फेऱ्या वाढवणे. कारखाना बंद व्हावयाला अजून दोन महिने होते.