लग्नाआधी दातांचं काय ते बघू

मने, साखरपुड्याचे फोटो बघितले. शालू सुरेख, नथ सुरेख, आणि एकाही फोटोत बाईसाहेबांचा दात म्हणून दिसत नाही. सगळीकडे ओठ घट्ट मिटलेले. वर कालचा तुझा मेसेज: लिंबू आणि खायचा सोडा लावला तर दात पांढरे होतात म्हणे, लावू का? नको लावूस. फोनवरच ओरडणार होते, पण ऑफिसात माणसं होती, म्हणून आता निवांत लिहिते.

आधी एक समजून घे. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, ते अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आतलं डेंटिन मुळातच पिवळसर. आपल्याला दिसतो तो रंग बराचसा आतून आलेला असतो, म्हणून धडधाकट दातही थोडा पिवळट असू शकतो. तुझे तसेच आहेत, बाबांवर गेलेत. आता त्यावर लिंबू चोळलंस तर काय होईल? आम्लता वाढून पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि लिंबाचा रस त्याच्या कितीतरी खाली, दोन-अडीचच्या घरात. सोड्याने आंबटपणा मरतो म्हणशील, पण किती मेला ते वाटीत मोजणार कोण? कोळशाच्या पावडरीचीही तीच गत. सुरुवातीला वरचे डाग खरवडून निघतात, दात उजळ वाटतात, आपण खूश. पण घासत राहिलं की कवच पातळ होतं आणि आतला पिवळा आणखीच डोकावतो. गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही गं. केस वाढतात, नखं वाढतात, हे नाही वाढत.

तेव्हा पहिलं काम म्हणजे डेंटिस्टकडे जाऊन तपासणी आणि क्लीनिंग. तुझी निम्मी तक्रार तिथेच मिटेल असं मला वाटतं, कारण तुझ्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटण चढलंय, हसतेस तेव्हा मला दिसतं. तिथेच का? जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात, आणि लाळेतले क्षार दातांवरच्या चिकट थरात बसून घट्ट होतात. बंबाच्या तळाला चढतो तसा थर. ब्रशने तो निघत नाही, कितीही जोर लाव. डॉक्टरांच्या हातात आकड्यासारखं टोक असतं, ते इतकं भरभर थरथरतं की किटणाचे तुकडे सुटे होतात. सोबत पाण्याचा फवारा, ओठाच्या कोपऱ्यात पाणी ओढणारी नळी, आणि कानात बारीक किर्रर्र. थोडी शिवशिव होईल, थोडं रक्त येईल. घाबरू नकोस.

आई म्हणेल, क्लीनिंग केलं की दात सैल होतात. तिचं ते ठरलेलं वाक्य आहे. खरं असं आहे की हिरडी आधीच सुजून खाली सरकलेली असते आणि मधल्या फटी किटणाने बुजलेल्या असतात. किटण गेलं की फट दिसते, जीभ सारखी तिथेच जाते, आणि माणसाला वाटतं, डॉक्टरने घोळ केला. हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश करायचं सोडणं हाही असाच उलटा कारभार. रक्त येतं ते बहुतेक वेळा तिथे घाण साठते म्हणून.

क्लीनिंगनंतरही रंग मनासारखा नसेल तर ब्लीचिंग. त्यात पेरॉक्साइडचं जेल वापरतात, ते आत झिरपतं आणि रंगाचे कण तोडतं, दात खरवडत नाही. हिरड्यांच्या उपचारासाठी ट्रेमधून दिलेल्या अशाच औषधाने दातही उजळतात, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. रात्री ट्रे लावून झोपायची पद्धत १९८९मध्ये शोधनिबंधात छापून आली. आजही तुझ्या दातांच्या मापाचा ट्रे आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, हा धिमा पण भरवशाचा मार्ग आहे. क्लिनिकमध्ये खुर्चीवर बसून करतात त्यात जेल बरंच तीव्र असतं, एका बैठकीत फरक दिसतो, पण नंतर एक-दोन दिवस गार पाणीसुद्धा दातांना झोंबतं.

आणि ऐक, तुझ्या वरच्या दाताच्या कोपऱ्यात सिमेंट भरलंय ना, शाळेत पडली होतीस तेव्हाचं? ब्लीचिंगने सिमेंटचा किंवा कॅपचा रंग बदलत नाही. बाकी दात उजळतील आणि तो तुकडा वेगळा उठून दिसेल. म्हणून आधी ब्लीचिंग, मग रंग स्थिरावायला दोनेक आठवडे, आणि त्यानंतर नव्या रंगाशी जुळवून सिमेंट. लगेच भरलं तर ते नीट चिकटतही नाही. तेव्हा हे लग्नाच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नकोस, दीड-दोन महिने आधी सुरू कर. ब्लीचिंगनंतर दोन दिवस चहा, बीट, हळदीची आमटी जरा लांब. हळद अंगाला लागू दे, दातांना नको.

डॉक्टर तुझ्यासमोर छोट्या छोट्या नकली दातांची पट्टी धरतील, ए-१, ए-२, बी-१ असे रंग लिहिलेली. तिथे सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवू नकोस. तुझ्या डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरे झाले की चेहरा उसना वाटतो. हे माझं मत हं, डॉक्टरांचं नाही. व्हेनिअर्स सुचवले तर मात्र घरी येऊन विचार कर, कारण त्यासाठी बहुधा चांगला दात थोडा तासावा लागतो आणि तो निर्णय मागे घेता येत नाही. पार्लरवाली पॅकेजमध्ये ‘टीथ व्हाइटनिंग’ देतेय म्हणालीस, तिला मेकअपच करू दे. खर्च आधी कागदावर लिहून घे. फार वाटला तर मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, नायरचं आहे. वेळ जातो, पैसे कमी लागतात.

रोजचं म्हणशील तर एकच सांगते, रात्रीचा ब्रश चुकवू नकोस. मऊ ब्रश, दोन मिनिटं, आणि मग नुसतं थुंक, खळखळून चूळ भरू नकोस, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का ते वाच. आपल्याकडे त्याची मर्यादा १००० पीपीएम आहे, साधारण तेवढं असलेली घे. जावईबापूंनाही हळूच विचार, सुपारी-बिपारी चालते का. गुटख्यावर २०१२पासून राज्यात बंदी आहे, तरी टपऱ्यांचं तुला माहीतच आहे.

अपॉइंटमेंट घेशील तेव्हा आईचीही घे. तिला शुगर आहे आणि हिरड्यांतून रक्त येतंय. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात राहत नाही. शिवाय आजीचं बघून लहानपणी लागलेली मशेरी अजून पूर्ण सुटलेली नाही, फ्रिजवरच्या डब्यामागे बघ, पुडी सापडेल. घरच्या तव्यावर भाजली तरी ती तंबाखूच. दात घासायच्या पावडरीत तंबाखू घालायला सरकारने १९९२मध्ये बंदी केली, पण आईच्या तव्याला कोण अडवणार? डॉक्टरांना जीभ आणि गालाची आतली बाजूही नीट बघायला सांग. ती नाहीच म्हणेल, म्हणून आदल्या दिवशी काही बोलू नकोस. साड्या बघायला जायचंय म्हणून रिक्षात बसव.