सिबिल ७६८ की ७०२?

रामनगर, ता. जोयडा

चि. सुमन हिस,


कर्ज काढून होमस्टेला दोन खोल्या वाढवतेस, चांगलं आहे. पण एका अ‍ॅपवर ७६८ आणि दुसऱ्यावर ७०२ दिसले म्हणून 'सिबिल दुरुस्ती'चे पाच हजार त्या दांडेलीच्या एजंटाला द्यायला निघालीस, ते आधी थांबव. दोन्ही आकडे खरे असू शकतात.

आपल्याकडे सरसकट सिबिल म्हणतात, पण कर्जफेडीच्या नोंदी ठेवून गुण देणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींची पट्टी ३०० ते ९००, म्हणून गोंधळ होतो. गणित मात्र जिचं तिचं, आणि ते पुरतं कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये सगळ्या बँकांना चौघींचं सभासद व्हायला लावलं, २०२५ पासून दर पंधरवड्याला माहिती पाठवायला सांगितलं. तरी नोंद एकीकडे आधी चढते, दुसरीकडे मागाहून. शिवाय अर्ज केला की बँक जिच्याकडे विचारणा करते, तिच्याच दप्तरी ती चौकशी लागते. जीपसाठी तू तीन फायनान्सवाल्यांकडे अर्ज टाकले होतेस ना? तिघांनी एकाच कंपनीला विचारलं असेल, तर ओझं तिथल्याच गुणांवर.

मला खरा संशय आहे तो महिला बचत संघाच्या कर्जाचा. ते तू लग्नाआधी, माहेरच्या आडनावावर, मतदार ओळखपत्र देऊन घेतलंस. पॅन नंतरचा, सासरच्या नावाचा. त्यात आपल्या कागदांवर एकीकडे 'गावकर', दुसरीकडे 'गांवकर'. कानडीतून इंग्रजीत जाताना आणखी एक अक्षर वाढतं. एका कंपनीने जन्मतारीख, फोन नंबर जुळवून ते खातं तुझ्या नावाला जोडलं असेल, दुसरीकडे ते सुटंच राहिलं असेल. जोडलं, पण फेडूनही 'चालू' दिसत असेल, तर गुण तिथेच गेले म्हणायचे.

तेव्हा चौघींच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून अहवाल काढ. वर्षातून एकदा प्रत्येकीला तो फुकट द्यावाच लागतो, आणि आपला आपण पाहिल्याने गुण घटत नाहीत. गुणांचं पान उलटून पुढे जा. प्रत्येक खात्याची शिल्लक, बंद झाल्याची तारीख, हप्ता किती दिवस लांबला, हे ओळीने वाच. दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन आहेस, तेही दिसेल. त्याने हप्ता चुकवला असेल तर त्याच्याशी बोल, कंपनीशी भांडून उपयोग नाही.

नोंद चुकीची असेल तर त्या कंपनीकडे तक्रार कर. पैसे पडत नाहीत. ती कर्ज देणाऱ्याला विचारल्याशिवाय काही बदलू शकत नाही; मग एजंट काय बदलणार? संघाच्या कर्जाचं 'नो ड्यूज' पत्र सोबत जोड. एप्रिल २०२४ पासूनचा नियम असा की तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते.

आणि बँकेच्या मॅनेजरना सरळ विचार: तुम्ही कुणाचा अहवाल बघता, आणि किती गुण लागतात? ७०२ वर त्यांचं भागत असेल तर ही सगळी धावपळ अर्ज टाकण्याआधी नको, सवडीने कर. तुमच्या भागात ओटीपी येईपर्यंत पान बंद होतं, म्हणून अहवाल काढायला रविवारी इकडेच ये. पॅन, जुनं ओळखपत्र आणि संघाचं पासबुक घेऊन ये.



तुझा,
मामा