‘फाइन’ : अर्थ, उपयोग व समानार्थी शब्द

(प्राथमिक शाळांतील इंग्रजी विषयाच्या शिक्षकांसाठी)

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. तेव्हापासून खेड्यापाड्यांतील बालकांच्या कानांवर अगदी आरंभी जे इंग्रजी शब्द पडतात, त्यांत ‘फाइन’ हा शब्द अग्रभागी आहे. शिक्षकांनी ‘हाऊ आर यू’ असे विचारावे आणि साऱ्या वर्गाने एका सुरात ‘आय ॲम फाइन’ असे उत्तर द्यावे, हा अनेक शाळांतील नित्यक्रम होय. पुढे तेच मूल एखाद्या फलकावर विनातिकीट प्रवाशास ‘फाइन’ होईल असे वाचते आणि गोंधळून जाते. जो शब्द ‘ठीक’ या अर्थाने पाठ केला, तो येथे शिक्षेच्या जागी कसा आला? हा गोंधळ मुलाच्या मंद बुद्धीचा नव्हे. एका शब्दास एकच अर्थ असतो, अशी जी समजूत पाठांतराने त्याच्या मनात रुजते, तिचा तो परिणाम आहे. यास्तव या एका शब्दाचा सविस्तर विचार उपयुक्त ठरेल.

१. शब्दाचे मूळ

लॅटिन भाषेत ‘फिनिस’ म्हणजे शेवट किंवा सीमा. जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारे हा शब्द इंग्रजीत दोन वाटांनी आला. ज्या वस्तूचे काम शेवटास, म्हणजेच पूर्णत्वास गेले, ती वस्तू उत्कृष्ट; ही पहिली वाट. तंट्याचा शेवट करण्यासाठी जी रक्कम भरावयाची, ती ‘फाइन’. ही दुसरी वाट. ‘फिनिश’, ‘फायनल’ आणि ‘फायनान्स’ हे शब्दही याच कुळातील आहेत.

मराठी मुलास हे समजावून देणे मुळीच अवघड नाही. आपल्या ‘दंड’ या शब्दाकडेच पाहावे. दंड म्हणजे काठी. दंड म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा बाहू. तालमीत काढतात तेही दंड. आणि अपराधाबद्दल भरावयाची रक्कम हाही दंडच. संदर्भावरून मूल योग्य तो अर्थ आपोआप घेते. घरच्या भाषेत असलेली ही शक्ती त्याने परभाषेतही वापरावी, एवढेच शिकवावयाचे असते.

२. प्रमुख अर्थ

(अ) बारीक, सूक्ष्म. वस्त्रगाळ पूड, बारीक रवा, तलम सूत, पेन्सिलीचे अणकुचीदार टोक या सर्वांस इंग्रजीत ‘फाइन’ हे एकच विशेषण लागते. याच्या उलट अर्थाचा शब्द ‘कोर्स’, म्हणजे जाडाभरडा. अभ्यासक्रम या अर्थाच्या ‘कोर्स’चा उच्चार असाच असला, तरी त्याचे स्पेलिंग निराळे आहे, हे फळ्यावर लिहून दाखवावे.

(आ) शुद्ध. सोन्याच्या दागिन्यावर ९१६ हा अंक असतो. हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने, असा त्याचा अर्थ. या प्रमाणास इंग्रजीत ‘फाइननेस’ म्हणतात.

(इ) उत्तम, सुंदर. ‘अ फाइन सिंगर’ म्हणजे उत्तम गायक. चित्रकला, शिल्पकला इत्यादी ललित कलांस ‘फाइन आर्ट्स’ म्हणतात, तेही याच अर्थाने.

(ई) निरभ्र. ‘अ फाइन डे’ म्हणजे पाऊस नसलेला, स्वच्छ दिवस. इंग्लंडमध्ये पाऊस वर्षभर अधूनमधून पडतच असतो, म्हणून कोरडा दिवस तेथे सुखाचा वाटतो. मृगाच्या पावसाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या आपल्याकडील शेतकऱ्यास असा दिवस ‘फाइन’ वाटणार नाही. प्रत्येक भाषेच्या शब्दास त्या भूमीचे हवामानही चिकटलेले असते, हे या उदाहरणाने मुलांस चांगले पटेल.

(उ) ठीक, खुशाल. ‘आय ॲम फाइन’ या वाक्यातील अर्थ हाच. मात्र आणखी चहा हवा का, असे विचारले असता कोणी हेच वाक्य उच्चारले, तर त्याचा अर्थ ‘नको, पुरे’ असा होतो.

(ऊ) दंड. ‘अ फाइन ऑफ फिफ्टी रुपीज’ म्हणजे पन्नास रुपये दंड. याच अर्थाने हा शब्द क्रियापद म्हणूनही येतो : ‘ही वॉज फाइन्ड’, म्हणजे त्यास दंड झाला.

अर्थ ओळखण्याची एक सोपी खूण सांगता येईल. ‘अ फाइन’ या शब्दांनंतर एखादे नाम आले, तर ‘फाइन’ हे बहुधा विशेषण असते. तेथेच वाक्य संपले किंवा ‘ऑफ’ व रक्कम आली, तर ते नाम असून त्याचा अर्थ दंड होतो.

३. समानार्थी शब्द

समानार्थी शब्द म्हणजे एकाच्या जागी दुसरा निर्धास्तपणे बसवावा असे शब्द नव्हेत. ‘थिन’ म्हणजे पातळ किंवा सडपातळ. तो सुतास लागेल, पिठास लागणार नाही. ‘प्युअर’ सोन्यास शोभेल, पेन्सिलीच्या टोकास ‘शार्प’च हवा. ‘गुड’ सर्वसामान्य चांगुलपणा दाखवितो, तर ‘एक्सलंट’ त्याहून वरची पायरी. ‘वेल’ हा शब्द प्रकृतीविषयी विशेष योग्य. ‘पेनल्टी’ हा ‘फाइन’पेक्षा व्यापक आहे : फाइन पैशातच भरावा लागतो, पेनल्टी खेळाच्या मैदानावरही मिळते.

४. अध्यापनाविषयी सूचना

प्रथम वस्तू, मग शब्द, हा क्रम ठेवावा. जाड व बारीक रवा दोन कागदांवर ठेवून मुलांस बोटांनी चाचपू द्यावा. नंतर सहा अर्थांची सहा वाक्ये फळ्यावर लिहून प्रत्येक वाक्यातील ‘फाइन’साठी मराठी शब्द मुलांकडूनच काढून घ्यावा. ‘बारीक’, ‘तलम’, ‘शुद्ध’, ‘छान’, ‘खुशाल’, ‘दंड’ असे निरनिराळे शब्द समोर आले, की आपली मराठी किती समृद्ध आहे, हेही त्यांच्या ध्यानी येईल.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. ‘हाऊ आर यू’ हा खरा प्रश्न आहे, कवायतीचा हुकूम नव्हे. ज्याच्या अंगात कणकण आहे, जे सकाळी उपाशी आले आहे किंवा ज्याच्या घरी आजारपण आहे, असे मूलही सर्वांच्या सुरात सूर मिसळून ‘फाइन’ म्हणते. कारण त्यास दुसरे उत्तर शिकविलेलेच नसते. म्हणून ‘आय ॲम नॉट वेल’, ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम टायर्ड’ ही उत्तरेही त्याच पाठात शिकवावीत. प्रश्न साऱ्या वर्गास न विचारता रोज चार-पाच मुलांस वेगवेगळा विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ज्या दिवशी एखादे मूल चाचरत का होईना, ‘आय ॲम नॉट फाइन’ असे म्हणेल, त्या दिवशी त्यास हा शब्द खऱ्या अर्थाने आला असे समजावे, आणि पुढचा पाठ क्षणभर बाजूस ठेवून त्याची विचारपूस करावी.