येणारा-जाणारा दोष

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी कविता द्यावी, फार तर प्रवासवर्णन द्यावे, असा संकेत आहे. मी मात्र एका जुन्या ध्वनिमुद्रण-यंत्राविषयी लिहिणार आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजीला तर अक्षरओळखही नव्हती. पण १९८३ साली तिच्या गावच्या शाळेतील एका गुरुजींनी तिच्या जात्यावरच्या ओव्या स्पूलच्या टेपवर मुद्रित करून घेतल्या होत्या, आणि ती टेप आईने लग्नात मिळालेल्या पेटीत जपून ठेवली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी हिंडून स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे वर्गात ऐकले तेव्हा मला पेटीतल्या टेपची आठवण झाली. मी आजीला पाहिलेले नाही. तिचा आवाजही ऐकला नव्हता.

टेप होती, पण ती वाजवायची कशावर? भिंगारमध्ये आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहतात. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी वायरलेस संच दुरुस्त करण्यात उमर घालवली. सारी गल्ली त्यांना मामा म्हणते. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यांनी स्पूलचे एक अवजड यंत्र भंगाराच्या भावात आणले होते. यंत्र चाले, पण वीसेक मिनिटांनी डाव्या बाजूचा आवाज खरखर करून नाहीसा होई. नेमके आजीचे मुद्रण डाव्याच बाजूला! बाराशे फुटांची टेप सेकंदाला साडेसात इंच वेगाने बत्तीस मिनिटे चालते, म्हणजे शेवटची बारा मिनिटे हातची जाणार. तुकड्यातुकड्यांनी उतरवून घेता आले असते, परंतु टेप जुनी होऊन तिचे तपकिरी चूर्ण हेडवर बसू लागले होते. ती फार वेळा फिरवणे धोक्याचे होते. म्हणून मामांचा पहिला नियम असा, की यंत्राची परीक्षा टाकाऊ टेपवर घ्यायची, आजीची टेप पेटीतच राहू द्यायची.

कायमचा बिघाड शोधणे त्या मानाने सोपे. जो दोष येतो आणि जातो, तो मेकॅनिकसमोर येतच नाही. मी पहिल्याच दिवशी उतावीळपणा केला. यंत्रात डाव्या-उजव्या बाजूंसाठी अगदी सारखी दोन कार्डे होती. ती अदलाबदल करून पाहावी म्हणून मी उपसली आणि परत बसवली. दोष गेला! चार दिवस यंत्र उत्तम चालले, मी पेढेसुद्धा वाटले. मामांनी पेढा घेतला नाही.

"पोरी, बरा झाला म्हणू नकोस. लपलाय म्हण."

पाचव्या दिवशी डावी बाजू पुन्हा गेली. कार्ड काढता-घालताना पिना घासल्या व हलल्या गेल्या, त्यामुळे तुटका सांधा तेवढ्यापुरता जुळला होता. म्हणजे मी काही दुरुस्त केले नव्हते, उलट दोषाची खूण मात्र पुसून टाकली होती. यानंतर वही घातली. केव्हा सुरू केले, किती मिनिटांनी आवाज गेला, झाकण होते की नव्हते, हे रोज लिहायचे. आठवड्यात कळले की झाकण उघडे असता दोष येत नाही, कारण यंत्र तापतच नाही. दुकानात नेलेले यंत्र तिथे शहाण्यासारखे का वागते, याचे एक कारण हेच असावे. मग आम्ही त्यावर पुठ्ठ्याचे खोके पालथे घातले.

दोष आल्यावर आत तार लावावी, तर त्या धक्क्यानेच तो पळतो. म्हणून तारा आधीच लावून ठेवल्या. एक डाव्या कार्डाच्या शेवटी, दुसरी यंत्राच्या बाहेर पडणाऱ्या जॅकवर. मध्ये कंडेन्सर घालून दोन्ही माझ्या लॅपटॉपच्या डाव्या-उजव्या नोंदीत सोडल्या. तेविसाव्या मिनिटाला जॅकवरचा आवाज गेला, कार्डावरचा मात्र चालूच होता. अर्धे यंत्र निर्दोष ठरले! आता संशय फक्त कार्डाचे सॉकेट, पुढची वायर, रिले, व्हॉल्यूम कंट्रोल आणि जॅक यांवर.

खोके काढून प्लॅस्टिकच्या स्वेटरच्या सुईने एकेक भाग हलकेच टोकला. (एक हात खिशात ठेवायचा, कारण आत २३० व्होल्ट आहेत आणि बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात.) सॉकेटजवळ सुई लागताच खरखर झाली. पण टोकल्याचा हादरा दूरवर जातो, म्हणून एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. केस वाळवण्याच्या यंत्राने तिथेच ऊब दिली, तेव्हा दोन मिनिटांत आवाज गेला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला थंड फवारा मारला, तो परतला. घड्याळजींच्या भिंगातून पाहिले तेव्हा सॉकेटच्या एका पिनेभोवती डाखाला केसाएवढी गोल चीर दिसली. पिनेचा धातू आणि खालचा पत्रा उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. चाळीस वर्षे तापून-निवून डाख तुटला होता. मेकॅनिक याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. जुना डाख पुरा काढून नवा दिला.

प्रत्येक वेळी हेच निघेल असे नाही. सुकलेला कंडेन्सर, रिलेच्या काळवंडलेल्या टिकल्या, धूळ बसलेला व्हॉल्यूम कंट्रोल हेही असेच खेळवतात. १९६०च्या दशकातील एएफ ११७ या ट्रान्झिस्टरची तर गंमतच आहे. त्याच्या डबीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या तारांना टेकतात. टिचकी मारली की कधी तंतू तुटतो, रेडिओ गाऊ लागतो, काही दिवसांनी दुसरा तंतू वाढतो.

खोके पालथे घालून आठ संध्याकाळ टाकाऊ टेप वाजवली. दोष आला नाही, तेव्हा मामांनी पेढा मागितला. मग आजीची टेप लावली. सतराव्या मिनिटाला खरखर झाली आणि चार-पाच सेकंद आवाज गेला. माझ्या डोळ्यांत पाणीच आले. मामांनी शांतपणे टेप थोडी मागे घेतली. तीच जागा आली, तशीच खरखर, तेवढेच मौन.

"जागा बदलत नाही ना? मग हे यंत्राचं नाही. त्या दिवशीच्या माइकच्या वायरीचं असेल."

१९८३ साली सुटलेली ती ओळ कोणत्याच डाखाने परत येणार नव्हती. संध्याकाळी घरी लॅपटॉपवर ती जागा आईला ऐकवली. आई भाकरी थापत होती. आवाज गेला त्या क्षणी तिने मान वर न करताच उरलेली ओळ म्हटली, आणि पुढे आजी सुरू झाली.