खिडक्यांच्या बाहेरील झडपांस बिजागऱ्या कोणत्या लावाव्या

घर बांधतांना जोतें, वांसे व कौलें यांचा विचार शेतकरी पुष्कळ करतो; झडपांच्या बिजागरीची निवड मात्र अखेरच्या दिवशीं सुतारावर सोंपविली जाते, आणि सुतार बाजारांत जी जोडी प्रथम हातीं लागेल ती ठोकून मोकळा होतो. देशावर याचा परिणाम बहुधा इतकाच होतो, कीं कांहीं वर्षांनीं झडप कुरकुरूं लागते. परंतु कोंकणपट्टींत पश्चिमेच्या खिडकीवर पावसाळाभर समुद्राचा वारा आदळत असतो. तेथें रात्रीं एक झडप निखळली तर माळ्यावरील कणगी भिजते, आणि भिजलेलें बियाणें पेरणीच्या भरंवशाचें राहत नाहीं. सन २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तें नेमकें पेरणीच्या तोंडीं.

बिजागरीवर दोन भार येतात; एक झडपेच्या वजनाचा व दुसरा वाऱ्याचा. ४ फूट उंच, २ फूट रुंद व १ इंच जाड अशी सागवानी झडप घेतली, तर तिचें वजन सुमारें १२ किलो भरतें. हें वजन झडपेच्या मध्यावर, म्हणजे चौकटीपासून एक फुटावर लोंबत असतें. त्यामुळें वरची बिजागरी चौकटींतून बाहेर ओढली जाते व खालची आंत दाबली जाते. दोन बिजागऱ्यांत ३ फूट अंतर असल्यास ही ओढ ४ किलो असते. तेंच अंतर दीड फूट ठेवल्यास ८ किलो होते. म्हणून बिजागऱ्या होतील तितक्या दूर, एक माथ्याजवळ व एक पायथ्याजवळ, लावाव्या. तिसरी लावावयाची असल्यास बरेच सुतार ती बरोबर मध्यें बसवितात. फळी वांकूं नये एवढाच हेतु असेल तर तें ठीक. परंतु झडप जड असेल तर तिसरीचें स्थान वरच्या बिजागरीखालीं वीतभर अंतरावर आहे, कारण ओढ तेथेंच आहे.

वाऱ्याचा भार याहून कठोर. ताशीं ६० किलोमीटर वेगाचा वारा वरील झडपेवर सरळ आदळला तर सुमारें १२ किलोंचा दाब पडतो. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. म्हणजे १२० किलोमीटरच्या वाऱ्यांत तो ५० किलोंच्या घरांत जातो. मिटलेल्या झडपेस समोरचा वारा चौकटीवरच दाबून धरतो, हा बाहेर उघडणाऱ्या झडपेचा मोठा गुण होय. धोका आहे तो अर्धवट उघड्या, भिंतीशीं काटकोन करून उभ्या राहिलेल्या झडपेस. आणि आपल्या बहुतेक घरांत झडपा अशाच उभ्या राहतात.

याचें कारण असें. जांभ्याची भिंत जाड असते व चौकट तिच्या बाह्य पृष्ठापासून दोन-चार इंच आंत बसविलेली असते. अशा चौकटीस साधी बिजागरी लावली कीं झडप काटकोनांत येतांच भिंतीच्या कडेस अडते. ती मागें वळून भिंतीस टेकूंच शकत नाहीं. पुढें प्रत्येक झोताबरोबर ती त्या कडेवर आपटते, आणि प्रत्येक आघातानें स्क्रू थोडथोडे उपटले जातात. बिजागरी वाईट होती असें मग घरधनी म्हणतो. वस्तुतः ती त्या जागेची नव्हती.

या जागीं पार्लमेंट बिजागरी पाहिजे. हिचीं पानें लांबट असून तिची दांडी झडपेच्या पृष्ठाबाहेर पुढें येते, त्यामुळें झडप कड ओलांडून भिंतीस सपाट टेकते. माप घेणें सोपें आहे. मिटलेल्या झडपेचें बाहेरील पृष्ठ भिंतीच्या पृष्ठापासून जितकें आंत असेल, त्याच्या निम्म्याहून किंचित् अधिक दांडी बाहेर आली पाहिजे. झडप ३ इंच आंत असेल तर दांडी दीड इंचाहून थोडी पुढें हवी; गिलावा अजून व्हावयाचा असेल तर त्याची जाडीही आधींच धरावी. दांडी बाहेर गेल्यानें स्क्रूंवरील ताण मात्र वाढतो. यास्तव हिचीं पानें जाड घ्यावींत व जोडीऐवजीं तीन लावणें बरें.

गोठ्याच्या किंवा खळ्यावरील कोठीच्या झडपा नुसत्या फळ्या जोडून केलेल्या असतात. त्यांस लांब पट्टीची बिजागरी उत्तम, कारण पट्टी सर्व फळ्यांना आडवी बांधून ठेवते. ती रुंदीच्या निम्म्याहून अधिक लांब असावी व निदान एक आरपार बोल्ट तींतून गेलेला असावा. आंकड्यावर अडकविलेली झडप रंगासाठीं उचलून काढतां येते, पण ती चोरासही येते. वरचा आंकडा उलटा, तोंड खालीं करून बसविला म्हणजे झडप उचलली जात नाहीं. बाहेर दिसणाऱ्या दांडीचीं दोन्ही टोंकें ठोकून बोथट केलेलीं आहेत कीं नाहींत, हें दुकानांतच पाहून घ्यावें.

धातूविषयीं थोडेंच सांगावयाचें. समुद्राजवळ साधें लोखंड घेऊं नये. पितळ टिकतें, स्टेनलेस स्टीलमध्यें ३१६ या क्रमांकाचें खाऱ्या हवेस ३०४ पेक्षां अधिक दाद देत नाहीं, मात्र महाग पडतें. देशावर जस्ताचा मुलामा दिलेलें लोखंड पुरेसें आहे. पितळी बिजागरीस लोखंडी स्क्रू लावण्याची काटकसर कोणीं करूं नये. दोन धातु खाऱ्या ओलाव्यांत एकत्र आले कीं लोखंड लवकर खाल्लें जातें, आणि चकचकीत बिजागरी जागच्या जागीं असतां झडप अंगणांत पडलेली आढळते.

स्क्रू हातोडीनें ठोकूं देऊं नयेत. ठोकल्यानें लांकडाचे तंतु तुटतात व आट्यांस पकड उरत नाहीं. आधीं बारीक भोंक पाडून, स्क्रूस साबण किंवा मेण लावून तो फिरवीत बसवावा. सर्व दांड्या एका ओळंब्यांत आल्या पाहिजेत. एखादी सूतभर जरी तिरकी गेली, तरी प्रत्येक उघडझांपीस ती इतरांशीं झगडते. ओळंबा पाहण्यासाठीं प्रत्येक बिजागरीस प्रथम एकच स्क्रू लावावा, झडप दोन-तीन वेळां पुरती फिरवून पाहावी आणि ती कोठेंही न अडतां भिंतीस टेकली तरच बाकीचे स्क्रू आवळावे. भिंतींत तिला धरण्यास आंकडी त्याच वेळीं बसवून घ्यावी. सुतार गेल्यावर ती राहून जाते.