सातवर थांबायचं

आधी वेळेचा हिशेब. 2005 साली पाच देशांतल्या जोडप्यांच्या हाती स्टॉपवॉच देऊन योनिप्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा वेळ मोजला गेला. मधला आकडा निघाला साधारण साडेपाच मिनिटं. पॉर्न पाहून अर्ध्या तासाची अपेक्षा धरणाऱ्याने हे आधी वाचावं. पहिल्या संबंधापासून जवळपास दर वेळी सुमारे मिनिटभरात, किंवा प्रवेशाआधीच, वीर्यपतन होतं, थांबवता येत नाही आणि त्याचा त्रास होतो, तर ते पहिल्यापासूनचं शीघ्रपतन. पूर्वी सगळं ठीक होतं आणि आता वेळ तीन मिनिटांच्या आत आलाय, तर तो नंतर उद्भवलेला प्रकार. चार-पाच मिनिटं टिकणाऱ्याला बहुधा उपचाराची नाही, जोडीदाराशी बोलण्याची गरज असते.

नंतर उद्भवलेलं असेल तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टर गाठा. थायरॉइड वाढलेलं असणं, प्रोस्टेटची सूज, ताठरता टिकत नसल्याने उरकून टाकण्याची घाई, ही कारणं तपासून घ्यावी लागतात. मूळ दुखणं बरं केलं की वेळ पुष्कळदा आपोआप सुधारतो. ‘लहानपणच्या सवयीमुळे नस कमजोर झाली’ असं सांगणाऱ्या तंबूवाल्याकडे जाऊ नका. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी रेल्वेलगतच्या भिंती रंगलेल्या दिसतातच.

आता मुख्य कृती. जेम्स सीमन्स या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाने 1956 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही शिकवली जाते. बहुतेक पुरुष स्वतःच्या डोक्याने नेमकं उलटं करतात: मनातल्या मनात पाढे म्हणतात, ऑफिसचं काम आठवतात. लक्ष दुसरीकडे गेलं की शरीराच्या खुणा कळत नाहीत आणि व्हायचं ते अचानक होतं. एका क्षणानंतर वीर्यपतन कुणालाच रोखता येत नाही; तो क्षण यायच्या आधीची जागा ओळखायला शिकायचं आहे. दूध वर आल्यावर गॅसकडे धावून उपयोग नसतो, कडेची साय हलते तेव्हाच तो बारीक करायचा असतो.

सुरुवात एकट्याने, घाई नसताना, दार लावून. कोरड्या हाताने हस्तमैथुन करा आणि उत्तेजना शून्य ते दहा अशी मनात मोजत राहा. दहा म्हणजे वीर्यपतन. सात आलं की हात काढून घ्या. श्वास पोटातून, सावकाश सोडा. मांड्या आणि गुदद्वाराभोवतीचे स्नायू आवळले गेले असतील तर सैल करा. आवळून धरलं की वीर्यपतन लवकर होतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. आकडा तीन-चारवर उतरला की पुन्हा सुरू. असं तीनदा थांबा आणि चौथ्यांदा होऊ द्या. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. सुरुवातीला सात वाटलेलं खरं तर नऊ निघेल. मग पाचवर थांबून पाहा.

हे जमू लागलं की तेच वंगण लावून करा, म्हणजे संवेदना खऱ्या संबंधाच्या जवळ जाते. पुढे कंडोम वापरणार असाल तेव्हा तेल नको, पाण्यावर आधारित जेली घ्या. तेलाने रबर फाटतं.

मग जोडीदार. तिला आधी सांगितलेलं असलं पाहिजे, ऐन वेळी नाही. ‘थांब’ म्हटलं की तिने हात थांबवायचा, इतकंच. त्यापुढे ती वर आणि तुम्ही खाली. प्रवेशानंतर हालचाल न करता पडून राहा, मग तिने हळू हलावं, तुम्ही सांगाल तेव्हा थांबावं. तिचं सुख प्रवेशावरच अवलंबून नाही. हाताने, तोंडाने ते देता येतं, आणि ते आधी झालं की तुमच्यावरचं अर्धं दडपण उतरतं. थांबल्यावर शिश्नाचं टोक दाबून धरण्याचीही एक पद्धत आहे, पण रसभंग फार होतो. नुसतं थांबणं पुरतं.

जोडीला ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम: लघवी रोखताना जे आवळता ते पाच सेकंद आवळायचं, तेवढाच वेळ सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना नको. फरक दिसायला तीनेक महिने लागतात.

गोळ्यांत डॅपॉक्सेटिन संबंधाच्या एक ते तीन तास आधी घेतात. चक्कर येऊ शकते. हृदयविकार असलेल्यांनी किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी परस्पर घेऊ नये, दारूबरोबर तर कुणीच नाही. बधिर करणारं मलम लावलंत तर प्रवेशाआधी पुसा किंवा कंडोम घाला, नाहीतर तीही बधिर होते. व्हायग्राची गोळी ताठरतेची आहे; तो त्रास नसेल तर तिच्यावर पैसे घालू नका.

मध्ये खंड पडला आणि पुन्हा पूर्वीसारखं झालं, तर कोरड्या हाताच्या पायरीवर परत या. दुसऱ्या खेपेला कमी दिवस लागतात.